पाण्यावरची एसटी कधी येणार?

तिकोण्याच्या गडावरून पाहिलं की समोर पवनेचा जलाशय दिसतो आणि पाण्यापलीकडे तुंगचा सुळका. नकाशावर हे दोन गड अगदी शेजारी आहेत, पण मधे पाणी आहे. गाडीने जायचं तर जलाशयाला मोठा वळसा पडतो. गडवाटा तुडवणाऱ्यांच्या जुन्या टिपणांत मात्र एक सोपी वाट लिहिलेली सापडते. तिकोणा पेठेत उतरायचं, काळे कॉलनीच्या रस्त्याला लागायचं, तीन-चार किलोमीटरवर ब्राह्मणोली गाठायचं, तिथून लाँचने पलीकडे केवरे गावी जायचं. पुढे तुंगवाडी चालत वीस-पंचवीस मिनिटांवर.

ट्रेकला आलेल्या पोरांसाठी ही लाँच म्हणजे मजा. काठावर राहणाऱ्या माणसासाठी अशी तर म्हणजे रस्ताच असतो. 'तर' हा आपला जुना शब्द. नदीवर, खाडीवर माणसं आणि माल पार करणारी होडी ती तर, ती चालवणारा तरवाला. आज आपण तिला लाँच म्हणतो, फेरीबोट म्हणतो, रो-रो म्हणतो. नाव काहीही घ्या, काम तेच आहे. शाळेतलं पोर, बाळंतपणाला निघालेली बाई, दुधाचा कॅन, भाताचं पोतं, गॅसची टाकी, दुचाकी, हे सगळं या काठावरून त्या काठावर सुखरूप पोचवायचं.

या अंकाचा विषय तर का, असं काही वाचकांना वाटेल. त्या प्रश्नाकडे मी पुढे येतोच. आधी विषय नीट समजून घेऊ.

पवना धरण १९७२ सालचं. पिंपरी-चिंचवडमध्ये नळाला येणारं पाणी याच धरणातून येतं. आपल्या वाचकांपैकी कितीतरी जण ते रोज पितात, मीही पितो. हे पाणी साठवताना मावळातल्या शेतजमिनी आणि घरं पाण्याखाली गेली, आणि त्यांच्यासोबत वाटाही गेल्या. पुनर्वसनाचा प्रश्न पुढे कित्येक वर्षं रेंगाळला. ९ ऑगस्ट २०११ रोजी बंद जलवाहिनीच्या विरोधात द्रुतगती मार्गावर बऊरजवळ शेतकरी उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. धरणग्रस्त म्हटलं की आपण जमीन आणि मोबदला यांबद्दल बोलतो. बुडालेल्या वाटेचा हिशोब कोणी मांडत नाही. काल ज्या सोयऱ्याच्या घरी चालत जाता येत होतं, तिथे आज वळसा घालून जावं लागतं. हा वळसा रोजचा आहे आणि त्याचं भाडं गावकऱ्याच्याच खिशातून जातं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं साधं आहे. ज्या व्यवस्थेने पाणी अडवून रस्ता बुडवला, तिने पाण्यावरून चांगला रस्ता द्यायला हवा. ही मेहरबानी नाही, ते देणं आहे. आणि पाण्यावरचा रस्ता म्हणजे सुरक्षित, वेळेवर सुटणारी, परवडणारी बोट.

आता याच पाण्यासोबत खाली जाऊ. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमेवर उजनी धरण आहे. एका काठाला पुणे जिल्ह्यातला इंदापूर तालुका, दुसऱ्या काठाला सोलापूर जिल्ह्यातला करमाळा. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलंही होती. एक जण पोहत काठाला लागला म्हणून बातमी तरी कळली. ती सहलीची बोट नव्हती. या गावाहून त्या गावाला जाण्याची ती रोजची सोय होती, आपल्याकडे वडाप असते तशी.

त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली. पंधरा जण दगावले. धडक बाहेरून बसली हे खरं, पण बोटीत मंजुरीपेक्षा जास्त माणसं होती हेही त्या वेळी समोर आलं. त्यानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. १५ जून २०२५ ला आपल्याच मावळात, कुंडमळ्याला, इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चौघे गेले. पूल धोकादायक आहे हे माहीत होतं, नव्या पुलाला मंजुरीही मिळालेली होती. फक्त काम व्हायचं राहिलं होतं.

तीन घटना, तीन कारणं. तिन्हींत एक गोष्ट मात्र सारखी आहे. पाणी पार करण्याच्या साधनाकडे आपलं लक्ष ते बुडाल्यावर किंवा कोसळल्यावर जातं. चार दिवस मंत्र्यांचे दौरे होतात, बंदीचा आदेश निघतो, मग सगळं शांत होतं.

बंदी हा सगळ्यांत सोपा उपाय आहे आणि सगळ्यांत निकामी. बोट बंद केली म्हणून पलीकडच्या गावाची गरज बंद होत नाही. माणूस मग मासेमारीच्या होडीत बसतो, थर्माकोलच्या तराफ्यावर बसतो. केरळात तानूरला ७ मे २०२३ रोजी जी बोट उलटली, ती मुळात मासेमारीची होती. तिला प्रवासी बोटीचं रूप दिलं होतं, क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेऊन ती अंधारात निघाली होती. बावीस जीव गेले, त्यांत एकाच कुटुंबातले अकरा जण होते. मलप्पुरममधलं ते साधं मुस्लिम कुटुंब सुट्टीच्या दिवशी फिरायला आलेलं होतं.

बोट का उलटते, हे समजून घेणं अवघड नाही. बोटीत वजन किती आहे, ते किती उंचीवर आहे आणि ते हलतं आहे का, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. एक दुचाकी म्हणजे साधारण दोन माणसांचं वजन. सिमेंटचं एक पोतं पन्नास किलो. ही वजनं बोटीच्या मधोमध, तळाला, दोरीने आवळून ठेवली तर बोट स्थिर राहते. तीच टपावर ठेवली किंवा न बांधता एका कडेला उभी केली, तर पहिल्याच मोठ्या लाटेला ती घसरतात, बोट कलते, घाबरलेली माणसं एका बाजूला धावतात आणि खेळ संपतो. माणसं आणि माल एकत्र नेणाऱ्या बोटीचा मुख्य धोका हाच आहे.

दक्षिण कोरियाची 'सेवोल' ही बोट १६ एप्रिल २०१४ ला बुडाली तेव्हा ३०४ जण मेले. त्यांत बहुतेक शाळेची मुलं होती. जपानमध्ये वापरून जुनी झालेली बोट विकत घेतली, वर जादा मजले चढवले, परवानगीपेक्षा कितीतरी अधिक माल भरला आणि तोही नीट बांधला नाही. कोरियासारख्या पुढारलेल्या देशात हे घडलं. ३ फेब्रुवारी २००६ च्या पहाटे तांबड्या समुद्रात 'अल-सलाम बोकाच्चो ९८' बुडाली. १९७० सालची ही बोट सौदी अरबस्तानातून इजिप्तकडे निघाली होती आणि तीत कामावरून घरी परतणारे मजूर भरले होते. बोटीत आग लागली, ती विझवायला मारलेलं पाणी गाड्यांच्या मजल्यावर साचलं, ते पाणी एका बाजूला सरकलं आणि बोट कलंडली. हजाराच्या आसपास माणसं गेली. आखाताच्या कमाईवर कोकणातली कितीतरी घरं उभी आहेत, त्यामुळे त्या बोटीत कोण बसलं असेल हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

समुद्राशी आपलं नातं नवं नाही. राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या असोत की दाभोळ, बाणकोट, हर्णैची बंदरं, इथल्या मुस्लिम घरांनी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर पोट भरलं आहे. सारंग, तांडेल, नाखवा हे शब्द आडनावं होऊन गावोगाव राहिले आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला मुघल लाइन कंपनी आठवते ती हजच्या जहाजांमुळे. हाजींना जेद्द्याला नेणारी हीच कंपनी पुढे कोकणची प्रवासी बोटसेवाही चालवत असे. मुंबईहून निघायचं, बंदरं घेत घेत गोव्यापर्यंत जायचं. बोट बंदराच्या बाहेर उभी राही आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून ने-आण होत. रस्ते झाले, गाड्या आल्या आणि ती सेवा संपली.

त्याही आधीची एक तारीख आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट पावसाळी समुद्रात काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे अपघात झाल्याची खबर मुंबईला पोचायलाच तास गेले. मदत कोणाची झाली असेल तर ती रेवसकडच्या कोळी बांधवांची. देशात माणूस माणसाला धर्म विचारून मारत होता त्या दिवसांत त्यांनी आपल्या होड्या वळवल्या आणि हाताला लागेल त्याला बाहेर काढलं.

रामदासला आता पाऊणशे वर्षं उलटून गेली. त्या बोटीला संपर्काचं साधन नव्हतं म्हणून आपण हळहळतो. पण आज एखाद्या धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या होडीत किती माणसं बसली, ती कधी सुटली, पलीकडे पोचली का, याची नोंद काठावर कोणाकडे असते? प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि बोटीची यादी मात्र नाही.

सुधारणा होतच नाहीत असं नाही. दाभोळ ते धोपावे ही फेरीबोट २००३ साली सुरू झाली आणि दापोली-गुहागरचा मोठा वळसा वाचला. पाठोपाठ वेश्वी-बागमांडला, दिघी-आगरदांडा, जयगड-तवसाळ असे मार्ग आले. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली. गंमत म्हणजे तिच्या आदल्याच दिवशी मांडव्याजवळ एक प्रवासी बोट बुडू लागली होती आणि पोलिसांच्या गस्ती नौकेने ८८ जणांना सुखरूप काढलं होतं. वसई-भाईंदरची रो-रो फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. गोव्यात रायबंदर-चोडण मार्गावर जुन्या फेरीबोटींच्या जोडीला जुलै २०२५ मध्ये मोठ्या रो-रो बोटी आल्या. गोव्यात तर चालत्या माणसाला फेरीबोट फुकट असते, कारण ती नदी हा रस्ताच आहे असं तिथलं सरकार मानतं.

या यादीकडे नीट पाहा. सुधारणा जिथे गाड्या आहेत, पर्यटक आहेत, तिकिटाचा गल्ला आहे, तिथे आली. खाडीचं तोंड, मुंबईची कड, अलिबागचे बंगले. धरणाच्या पोटात, जिथे पलीकडे दोन-चार वाड्या आहेत आणि दिवसाला पंचवीस उतारू आहेत, तिथे कोणती कंपनी येईल? आणि आली तरी ती गावकऱ्यासाठी येईल की शनिवार-रविवारी तंबूत राहायला येणाऱ्यांसाठी? पवनेच्या काठाचा गेल्या काही वर्षांतला बाजार पाहिला तर उत्तर शोधावं लागत नाही.

इथे मला एसटी आठवते. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली. एसटीने गाव तोट्यात आहे म्हणून गाडी नाकारायची नाही, हे तत्त्व निदान कागदावर मान्य केलं. म्हणूनच महाराष्ट्रातल्या दोन पिढ्या शिकल्या. आज एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे. पण हीच बाई, हाच म्हातारा रस्त्याऐवजी पाण्यावरून जात असेल तर त्याला यातलं काही मिळत नाही. धरणाने त्याची एसटीची वाट बुडवली आणि सवलतही त्या वाटेसोबत बुडाली. हा अन्याय इतका साधा आहे की तो कोणाच्या डोळ्यावर येत नाही.

मग नेमकं काय व्हायला हवं? मी सॉफ्टवेअरवाला माणूस, बोटी बांधणारा नव्हे. पण एखादी व्यवस्था कुठे तुटते हे शोधणं हे माझं रोजचं काम आहे, आणि त्या सवयीने पाहिलं तर काही गोष्टी स्पष्ट दिसतात.

सर्वांत आधी पैशाची रचना. तरवाला उतारूमागे पैसे घेतो. बोट निघाली तरच त्याच्या घरी चूल पेटते, आणि चार माणसं जास्त भरली तर थोडं जास्त मिळतं. म्हणजे वादळात न निघणं आणि गर्दी नाकारणं या दोन्ही शहाणपणाच्या गोष्टींची किंमत तो एकटा मोजतो. अशा माणसाला नियमांचं पुस्तक दाखवून उपयोग नाही. एसटीच्या ड्रायव्हरचा पगार सीटा भरण्यावर ठरत नाही, तसं तरवाल्याला ठरलेल्या फेऱ्यांचे पैसे मिळाले पाहिजेत. हवा वाईट म्हणून फेरी रद्द झाली तरीही मिळाले पाहिजेत. माझ्या मते हा एक बदल दहा फलकांपेक्षा जास्त जीव वाचवेल. हे तरवाले बहुधा काठावरचेच, कधी धरणात जमीन गेलेले लोक असतात. नवी बोट आणताना त्यांना बाजूला सारून ठेका बाहेरच्याला दिला तर एका अन्यायावर दुसरा अन्याय होईल. त्यांनाच प्रशिक्षण द्या, परवाना द्या, पगार द्या.

दुसरी गोष्ट पाणरेघ. इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिमसॉल नावाच्या खासदाराने खलाशांच्या जिवासाठी संसदेत आकाशपाताळ एक केलं आणि १८७६ साली जहाजांवर भाररेषा रंगवणं कायद्याने आलं. रेघ पाण्याखाली गेली की माल जास्त झाला, इतकी सोपी गोष्ट. वाचता न येणाऱ्यालाही ती कळते. होडीवर ती रेघ रंगवायला किती खर्च येतो? एका रंगाच्या डब्याचा. रेघ कुठे मारायची हे मात्र तपासणी अधिकाऱ्याने मोजून सांगायला हवं, आपल्या अंदाजाने नव्हे.

तिसरी गोष्ट धक्का. धरणाचं पाणी पावसाळ्याअखेर काठोकाठ असतं आणि मेमध्ये कितीतरी खाली जातं. त्यामुळे एका जागी बांधलेला सिमेंटचा धक्का वर्षातले काही महिनेच कामाचा. उरलेल्या दिवसांत चिखलातून उतरायचं. पोटुशी बाई, गुडघे धरलेली आजी, व्हीलचेअरवरचा माणूस यांना ते जमत नाही. पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का हे यावरचं उत्तर आहे. कोचीच्या वॉटर मेट्रोत, जी एप्रिल २०२३ पासून धावते, असेच तरंगते धक्के आहेत आणि क्षमतेइतकी माणसं आत गेली की फाटक बंद होतं.

चौथी गोष्ट इंजिन. केरळात वैकम ते तवणक्कडवू मार्गावर जानेवारी २०१७ पासून 'आदित्य' ही सौरऊर्जेवरची बोट धावते. पंचाहत्तर उतारूंची ही बोट तिथलं राज्य जलवाहतूक खातं चालवतं, आणि ती वेंबनाड तलावावर, म्हणजे शांत पाण्यावर, छोट्या अंतरावर चालते. पवनेसारख्या जलाशयाला याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही. शिवाय हे लाखोंच्या पिण्याचं पाणी आहे. त्यात डिझेलचा तवंग नको, हे तर पिंपरी-चिंचवडच्या नळाखाली हंडा लावणाऱ्याच्याही हिताचं आहे. ज्या शहराला हे पाणी मिळतं त्याने काठावरच्या बोटीचा खर्च उचलावा, अशी मागणी करायला काय हरकत आहे?

बाकीच्या गोष्टी बारीक आहेत पण चुकवता न येणाऱ्या. लाइफ जॅकेट बाकाखाली नको, अंगावर हवं, आणि मुलांच्या मापाचंही हवं. निघताना डोकी मोजायची आणि यादी काठावर ठेवायची. माल वेगळा, तळाला, बांधलेला. वादळाचा इशारा आला की लाल झेंडा आणि बोट बंद. वीज कुठे पडण्याची शक्यता आहे हे सांगणारं 'दामिनी' ॲप आपल्या पुण्यातल्याच हवामान संस्थेने बनवलेलं आहे. ते तरवाल्याच्या फोनवर असावं आणि त्याला ते वापरायला कोणीतरी शिकवावं. कायदाही आहे. १९१७ चा जुना कायदा बाजूला करून २०२१ साली नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला. नोंदणी, तपासणी, चालकाची पात्रता, विमा हे सगळं त्यात आहे. उणीव कायद्याची नाही, तो काठापर्यंत पोचण्याची आहे.

आता तो सुरुवातीचा प्रश्न. एक मुस्लिम चळवळ, तिचं मासिक, आणि विषय होडीचा? घर भाड्याने मिळत नाही, नाव सांगितल्यावर मुलाखत संपते, रस्त्यावर टोपी पाहून कोणी अडवतं, हे प्रश्न पेटलेले असताना तुम्ही तरीबद्दल काय बोलता?

हा आक्षेप खरा आहे आणि मी तो झटकणार नाही. ते प्रश्न मोठे आहेत आणि त्यांवर आपण लिहीत आलो, लिहीत राहू. पण २००६ चा सच्चर समितीचा अहवाल उघडून पाहा. मुस्लिम वस्ती जास्त असलेल्या गावांत पक्का रस्ता, बसथांबा, दवाखाना यांची कमतरता त्यात नोंदवली आहे. म्हणजे मागासलेपण भाषणातून येत नाही, ते न आलेल्या बसमधून येतं. महाराष्ट्राने नेमलेल्या महमूदुर रहमान समितीनेही आपल्या समाजाच्या रोजच्या जगण्याचीच स्थिती मांडली. रस्ता, पाणी, बस, बोट हे 'इतरांचे' विषय आणि पर्सनल लॉ, दंगल, उर्दू हे 'आपले' विषय, ही वाटणी कोणी केली? ती मान्य केली तर आपण नागरिक म्हणून अर्धेच उरतो. उरलेलं अर्धं आपल्या वतीने दुसरे कोणी ठरवतात.

आंबेतच्या बॅरिस्टर अंतुल्यांकडे पाहा. १९८० ते ८२ असं थोडाच काळ ते मुख्यमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीवर टीका करायला जागा आहे आणि ती झालीही. पण आजही निराधार बाईला महिन्याला जे पैसे मिळतात त्या संजय गांधी निराधार योजनेशी, आणि रेवस-रेड्डी सागरी मार्गाच्या कल्पनेशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. त्या योजनेचा अर्ज भरताना कोणी धर्माचा रकाना आधी पाहत नाही. खाडीपलीकडे अडकलेल्या गावात वाढलेल्या माणसाला रस्त्याची किंमत कळली होती, इतकंच.

आणि दीनच्या बाजूने बोलायचं तर वाटेतली इजा करणारी वस्तू बाजूला करणं हा ईमानचाच एक भाग, हे आपण मदरशाच्या पहिल्या वर्षात ऐकतो. सहीह बुखारीत नौमान बिन बशीर यांच्याकडून आलेली एक हदीस आहे, तीत एका जहाजाचा दाखला दिला आहे. काही लोक वरच्या मजल्यावर बसलेत, काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी सारखं वर जावं लागतं, वरच्यांना त्रास होतो. तेव्हा खालचे म्हणतात, आपण आपल्याच जागेत एक भोक पाडून घेऊ. वरच्यांनी त्यांना तसं करू दिलं तर सगळेच बुडतील, आणि हात धरला तर सगळेच वाचतील. या हदीसवर बयान करताना बहुतेक वेळा बोट खालच्यांकडे दाखवलं जातं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. खालच्यांना पाणी हवं होतं, ही त्यांची गरज खरी होती. त्यांना पाणी मिळण्याची नीट सोय असती तर भोक पाडण्याचा विचारच कोणाच्या मनात आला नसता. जास्त माणसं भरणारा तरवाला आणि अंधारात होडीत चढणारी बाई हे खालच्या मजल्यावरचे लोक आहेत. त्यांचा हात धरायचा असेल तर त्यांची गरजही हातात घ्यावी लागेल.

मग आपण काय करायचं? मोठ्या मोर्चाची गरज नाही. तुमच्या जवळची एक तर निवडा. पवनेची असो, उजनीची, कोयनेच्या शिवसागराची किंवा खाडीवरची. एक दिवस काठावर बसा आणि मोजा. किती फेऱ्या, किती माणसं, किती माल, किती जॅकेटं. तरवाल्याशी आधी बोला, त्याच्यावर तक्रार करायला आलो नाही हे त्याला पटू द्या. मग माहितीच्या अधिकारात तीन साधे प्रश्न विचारा. या मार्गावरच्या बोटींची नोंदणी आणि शेवटची तपासणी कधी झाली? परवान्यानुसार उतारूंची संख्या किती? धक्का आणि सुरक्षेसाठी गेल्या पाच वर्षांत किती निधी मंजूर झाला आणि किती खर्च झाला? उत्तर घेऊन काठावरच्या गावाच्या ग्रामसभेत जा. ठराव गावाचा होऊ द्या, तुमच्या बॅनरचा नको. तो ठराव जिल्हा नियोजन समितीपर्यंत आणि आमदारापर्यंत पोचवा. डेटा नीट मांडणं, नकाशा काढणं, पत्रव्यवहाराचा पाठपुरावा करणं, ही कामं शहरात शिकलेल्या, लॅपटॉप असलेल्या पोरापोरींना सहज जमतात आणि गावकऱ्याला नेमकी तीच जड जातात.

कोणी विचारेल, तुम्ही कोण? तुमचं इथे काय? उत्तर सरळ द्या. आम्ही हे पाणी पितो. या राज्याचे नागरिक आहोत. आणि पलीकडे जाणारी बोट सुखरूप पोचावी असं आम्हाला वाटतं.

पूल हवाच, कोणी नको म्हणत नाही. पण पुलाला दहा-वीस वर्षं लागतात आणि शाळेची घंटा उद्या सकाळी होते. तोवर बोट आहे आणि त्या बोटीत माणसं बसणार आहेत. पुढचा वळीव मे महिन्यात येईल. त्याआधी निदान एका काठावर पाणरेघ रंगवलेली असावी, जॅकेटं मापाची असावीत आणि झेंडा लाल असेल त्या दिवशी तरवाल्याने घरी बसावं, त्याची चूल तरीही पेटावी. एवढं एका तालुक्यात करून दाखवलं तर पाण्यावरच्या एसटीची मागणी घेऊन मंत्रालयात जाताना आपल्या हातात निवेदनासोबत एक चालू उदाहरण असेल.